ऊन हवं, ताप नको

वैशाखात पारा ४२ वर गेला की धार-देवासच्या गच्च्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : “एवढं तापलंय, आता सोलर जोरात चालणार!” किती वेळा सांगायचं? पॅनल प्रकाशावर चालतं, तापावर नाही. गोंधळ होतो तो बहुधा पाणी तापवणाऱ्या सोलरमुळे. त्याला उष्णताच हवी असते. पॅनलचं गणित उलटं आहे. त्याच्या मागच्या लेबलावरचे वॅट सिलिकॉन २५ अंशांवर असताना मोजलेले असतात, आणि माहितीपत्रकात साधारण उणे ०.३५ टक्के प्रति अंश असा तापमान-गुणांक छापलेला असतो. मेच्या दुपारी पॅनल सहज ६५ अंशांवर जातं. म्हणजे ४० अंश जास्त, १४ टक्के घट. ५४० वॅटचं पॅनल पूर्ण उन्हातही ४६४ वॅटवर येतं.

यावर थोडं वाचलेले लोक म्हणतात, तापल्यावर सिलिकॉन जास्त प्रकाश शोषतं. खरं आहे. अणूंची थरथर वाढते आणि बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची फट, आक्रसते : निरपेक्ष शून्याजवळ १.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, २७ अंशांना १.१२. त्यामुळे करंट अंशामागे जेमतेम ०.०५ टक्के वाढतो; पण व्होल्टेज ०.३ टक्क्यांच्या आसपास पडतं. आठ आणे मिळवून तीन रुपये घालवायचे, असा हा व्यवहार. दुसरा आक्षेप एक्सायटॉनचा : प्रकाशाने जन्मलेली इलेक्ट्रॉन-होलची बांधलेली जोडी उष्णतेने तुटते, मग वीज वाढायला नको का? सिलिकॉनमध्ये ही गाठ जवळपास १५ मिलि इलेक्ट्रॉन-व्होल्टची, तर साध्या खोलीतली औष्णिक ऊर्जाच सुमारे २६. जोड्या सकाळच्या गारव्यातच सुटलेल्या असतात. वैशाखाने तोडायला काही उरत नाही.

मग पावसाळ्यापेक्षा मेमध्ये युनिटं जास्त का? आभाळ मोकळं असतं म्हणून. ताप त्यातून कापूनच घेतो. “थंडीत सोलर झोपतं” हेही खोटं : दिवस लहान असतो एवढंच, तेवढ्याच उन्हात गार पॅनल जास्त देतं. “भर दुपारी पाणी मारा” : तापल्या काचेला धक्का आणि बोअरच्या क्षारांचे डाग, सकाळीच धुवा. “पत्र्याला चिकटवून बसवा, वाऱ्याने उडणार नाही” : पक्कं जरूर बांधा, पण खाली वीतभर जागा सोडा. माळव्याच्या पठारावरचा वारा फुकट आहे. तो पॅनलच्या पाठीला लागू द्या.