राजाचं बाळंतपण

‘मावशी, सहाच महिने सांभाळ गं. भुंकत नाही, फिरायला न्यावं लागत नाही, काही त्रास नाही त्याचा,’ असं म्हणत भाच्याने आमच्या नेरूळच्या घरात एक काचेची पेटी आणून ठेवली आणि स्वारी शिकायला परदेशी निघून गेली. पेटीत होता हिरवा, डोक्यावर उंच तुरा असलेला, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा शमेलिऑन. आपल्याकडे ज्याला घोयरा किंवा सरडगुहिरा म्हणतात, त्याचा येमेन-सौदी अरेबियाकडचा भाऊबंद. नाव राजा.

घरात प्राणी कुणीही आणो, शेवटी तो कुणाच्या गळ्यात पडतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपला भारतीय घोयरा पकडणं किंवा पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. रस्त्यात सापडला तरी घरी आणायचा नाही. परदेशी जातीचा घरात असेल, तर २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. भाच्याने ती केली होती, म्हणून तर मी ‘हो’ म्हटलं.

पण कागद नीट असले तरी घर नीट नव्हतं. पेटी म्हणजे जुनी माशांची टाकी. त्यात एक प्लॅस्टिकची वेल, पाण्याची वाटी आणि वर साधा बल्ब. राजा दिवसभर काळपट होऊन कोपऱ्यात बसायचा. मला वाटायचं, रंग बदलतोय, काय मज्जा! डॉक्टरांकडे नेल्यावर कळलं, ती मज्जा नव्हती. हा प्राणी भिंतीशी रंग जुळवायला रंग बदलतो, हा आपला गैरसमज. ऊन हवंय, थंडी वाजतेय, भीती वाटतेय, राग आलाय हे तो रंगातून सांगतो. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब बघून त्याला सारखं वाटत होतं की समोर दुसरा कुणी उभा आहे. आणि या प्राण्याला शेजार अजिबात खपत नाही. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवायचंच नाही.

मग आमच्या घरी सुतार आला. आजीच्या स्वयंपाकघरात दूध ठेवायचं जाळीचं कपाट असायचं ना, तसंच करून घेतलं. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच. नखं अडकून तुटू नयेत म्हणून प्लॅस्टिकचं आवरण असलेली जाळी. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत बंद पेटीला बुरशी यायला वेळ लागत नाही, म्हणून वारा खेळता हवा. कपाट टेबलावर ठेवलं, कारण आपण वरून वाकून बघितलं की त्याला शिकारी आल्यासारखं वाटतं. आपल्या डोळ्यांपेक्षा उंच फांदीवर तो निवांत असतो.

आत कुंडीतली जास्वंद, मनी प्लँट आणि बोटाएवढ्या जाड फांद्या. वाटीतलं पाणी हा प्राणी सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. त्यावर औषधाच्या दुकानातला सलाईनचा सेट कामी आला. बाटली वर टांगली, चाक फिरवलं की थेंब थेंब पानांवर. खाली ट्रे. एका फांदीवर ऊब देणारा दिवा, त्याखाली साधारण २८ ते ३० अंश. मे महिन्यात तोही बंद. शिवाय अतिनील किरणांची नळी वेगळी. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते किरण जवळजवळ उरत नाहीत आणि त्यांच्याविना हाडं ठिसूळ होतात. ही नळी दिसायला पेटलेली असली तरी साधारण वर्षभरात बदलावी लागते. खायला रातकिडे, त्यांना आधी भाजीपाला खिलवायचा आणि मग कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचं. वड्या रव्यात घोळवतो तसं! सुरुवातीला शिसारी आली. आता काही वाटत नाही.

महिन्याभरात राजा पोपटी झाला. मी खूश. आणि मग एक दिवस त्याने खाणं सोडलं.

फांदीवर बसेना. सारखा खाली उतरायचा, तळाचे कोपरे खरवडायचा, जाळीवर चढायचा, पुन्हा खाली. अंगावर निळे-पिवळे ठिपके. मी दिवा तपासला, पाणी तपासलं, जाळी पुसली. काही चुकलेलं दिसेना. दोन दिवस हे बघत बसलेल्या सासूबाई शेवटी म्हणाल्या, ‘अगं, मांजर व्यायला आली की अशीच घरभर हिंडते. जागा शोधतेय ती.’

‘ती?’

डॉक्टरांनी मागच्या पायाची टाच दाखवली. या जातीतल्या नराला तिथे जन्मापासून एक छोटा काटा असतो. राजाला नव्हता. एक्स-रेमध्ये पोट अंड्यांनी भरलेलं. नर जवळ नसतानाही कोंबडी अंडी घालते, तशीच हीसुद्धा घालते. पण कुठेही नाही. ओल्या मातीत बोगदा खणून. ‘माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात, जीव जातो,’ डॉक्टर म्हणाले. एवढं कपाट करून घेतलं, दिवे आणले, सलाईन टांगलं. आणि त्यात तिला जे सगळ्यांत आधी हवं होतं तेच नव्हतं.

त्या संध्याकाळी एक फूटभर खोल टब आणला. धुतलेली वाळू आणि माती मिसळली. किती ओली? मूठ वळली की मुटका टिकला पाहिजे, पण पाणी सुटता कामा नये. खणलेला बोगदा ढासळला तर ती काम सोडते. आणि कुणी बघतंय असं वाटलं तरी सोडते. म्हणून पिंजऱ्याभोवती माझी जुनी सुती साडी बांधली. टीव्ही बंद, सगळ्यांना त्या खोलीत जायला बंदी. सासूबाई तर दाराशी खुर्ची टाकूनच बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडीच्या फटीतून पाहिलं तर मातीबाहेर फक्त शेपटी! तिसऱ्या दिवशी सकाळी टबातली माती सपाट केलेली, आणि राजा फांदीवर. तोंडाला चिखल, पोट खपाटीला, थेंबाखाली तोंड धरून पाणी पीतच होती. मोजली तर चौतीस अंडी. रिकामीच, पिल्लं होणार नव्हती. पण तिचा जीव वाचला.

भाच्याला कळवलं, ‘तुझ्या राजाचं बाळंतपण केलं.’ सहा महिन्यांचं दीड वर्ष झालंय. तो टब आता पिंजऱ्यात कायमचा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने खाणंही बेताचं ठेवलंय, कारण जास्त खाल्लं की अंडीही जास्त.

मैत्रिणींनो, हौसेने प्राणी आणू नका असं मी म्हणणार नाही. पण आणण्याआधी त्याला काय लागतं ते विचारा, आणि तो नर की मादी हेही विचारा. मादीच्या घरात मातीची जागा पहिल्या दिवसापासून हवी.

गेल्या पावसाळ्याआधी सोसायटीच्या सभेत उरलेल्या बागेतही पेव्हर ब्लॉक टाकायचं ठरत होतं. स्वच्छ दिसतं म्हणे. आमच्या कंपाउंडमध्ये साधे बागेतले सरडे आहेत, त्यांच्या माद्याही मऊ मातीत खणूनच अंडी घालतात. एरवी मी सभेत बोलत नाही. त्या दिवशी हात वर केला. बरीच हसाहस झाली, पण जास्वंदीच्या रांगेखालची माती तेवढी राहिली.

जुलैत एका सकाळी दूध घेऊन येताना पाहिलं. एक सरडी तिथे पुढच्या पायांनी माती उकरत होती. मी वाट बदलून दुसऱ्या जिन्याने वर आले.