अंगावरून जातंय, हे विहारात कसं बोलायचं?



वर्षावासात विहारात ग्रंथवाचन झालं की महिला मंडळाच्या ताई मला आरोग्यावर बोलायला उभं करतात. बीपी-शुगरवर बोलले की पटापट प्रश्न येतात. लैंगिक आरोग्याचं नाव काढलं की सगळ्या खाली बघतात. म्हणून मी आता एक रिकामा डबा फिरवते. जिला जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही. डबा उघडला की निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत एकच गोष्ट असते: अंगावरून पांढरं जातं. एकीनं पुढं लिहिलं होतं, "डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाका. माझं वय 32."

या चिठ्ठीनं मला झोप लागली नाही. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांचं प्रकरण आठवलं. सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे 82 हजार बायांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरं जातंय, पोट दुखतंय, अशा गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणी त्यात होत्या. "ठेवलीत तर कॅन्सर होईल" ही भीती घातली की बाई कर्ज काढून टेबलावर जाते.

तर आधी हे समजून घेऊ. पांढरं जाणं म्हणजे दर वेळी आजार नसतो. योनीमार्ग स्वतःला ओला आणि स्वच्छ ठेवतो, त्याचा तो स्राव असतो. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तो जास्त आणि चिकट होतो, गरोदरपणात वाढतो. वास नाही, खाज नाही, तर काळजी नाही. त्यातून हाडं झिजतात हे आपल्या आजीपासून ऐकत आलोय, पण ते खरं नाही. थकवा येतो, कंबर भरून येते, त्याचं कारण बहुतेकदा अंगात रक्त कमी असणं. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर त्याचे उपचार घ्यावेत.

दह्यासारखं घट्ट जाऊन खूप खाज सुटत असेल तर ते बुरशीचं इन्फेक्शन. ते पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर तपासून घ्यावी. पातळ, राखाडी आणि मासळीसारखा वास असेल तर आतले चांगले जंतू कमी झालेले असतात. पिवळं-हिरवं, फेसाळ असेल तर ते बहुधा संबंधातून आलेलं इन्फेक्शन, आणि इथं नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तो म्हणणार, मला काही होत नाही. पुरुषाला पुष्कळदा त्रास जाणवतच नाही. पण त्यानं गोळ्या घेतल्या नाहीत तर तुमचं दुखणं महिन्याभरात परत येतं. उपचार चालू असेपर्यंत संबंध टाळावा, नाहीतर निरोध वापरावा. याच्या जोडीला ओटीपोटात दुखून ताप आला तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मेडिकलवाल्याला खुणेनं सांगून आणलेली गोळी घेऊ नका. जंतुनाशकाच्या पाण्यानं आतून धुणं तर अजिबात नको, त्यानं चांगले जंतू मरतात आणि त्रास वाढतो.

चाकण-महाळुंग्याकडं कंपन्यांत कंत्राटावर जाणाऱ्या पोरींचं थोडं वेगळं असतं. शिफ्टभर लघवी दाबायची, दाबावी लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. मग जळजळ, वारंवार लघवी. हे लघवीचं इन्फेक्शन, याची औषधं वेगळी. डॉक्टरला दोन्ही त्रास वेगवेगळे सांगा. बायांसाठी वेगळं स्वच्छतागृह ठेवणं कारखान्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. एकटीनं म्हटलं तर सुपरवायझर हसतो, दहा जणींनी सही करून दिलं तर कागद घ्यावाच लागतो. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर कार्ड मागून घ्या, चिंचवडच्या मोहननगरला विमा रुग्णालय आहे. नसेल तर पिंपरीचं वायसीएम किंवा चाकणचं ग्रामीण रुग्णालय.

कॅन्सरची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर परत रक्त दिसणं, याची तपासणी झालीच पाहिजे. आणि काही त्रास नसला तरी तिशीनंतर गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी सरकारी दवाखान्यात मागून घ्यावी. तिथं पातळ व्हिनेगर लावून बघतात. मिनिटभरात पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायांवर याचा अभ्यास केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. (दुसऱ्या गटातल्या बायांची तपासणीच केली नाही, यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. त्याही वस्तीतल्याच बाया होत्या.)

विहारात असलं बोलणं शोभत नाही, असं एक वयस्कर काका मला म्हणाले. तिसरं शील गैरवर्तनापासून दूर राहायला सांगतं, आजार लपवायला कुठं सांगतं? र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 साली त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. 1938 च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाची मागणी त्यांच्याच स्वतंत्र मजूर पक्षानं मांडली. बाबासाहेब हजर नव्हते, रोहमांनी ती मांडली. ती फेटाळली गेली. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत हजारो बायांसमोर बाबासाहेबांनी लवकर लग्न नको, फार मुलं नकोत, नवऱ्याची दासी होऊ नका, मैत्रीण व्हा, असं उघड सांगितलं. काकांना मी एवढंच सांगितलं. ते पुढच्या रविवारी सुनेला घेऊन आले.

दवाखान्यात जाताना कागदावर लिहून न्या: किती दिवसांपासून, रंग, वास, खाज, शेवटच्या पाळीची तारीख. सासू सोबत असेल तर "मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय" हे म्हणायची घरी एकदा मोठ्यानं सवय करा. मंडळात आम्ही हे वाक्य प्रत्येकीकडून म्हणवून घेतो. पहिल्यांदा सगळ्या हसतात. ऑपरेशन सांगितलं तर सोनोग्राफीचा कागद मागा आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. गर्भपातासाठी 18 वर्षं पूर्ण झालेल्या बाईची एकटीची सही कायद्याला पुरते, नवऱ्याची लागत नाही.

त्या 32 वर्षांच्या ताईला वायसीएमला नेलं. इन्फेक्शन निघालं. दोघांनाही गोळ्या दिल्या. पिशवी जागेवर आहे.

येत्या रविवारी डबा परत फिरेल. नाव लिहू नका, पण वय आणि पाळी चालू आहे की बंद, एवढं नक्की लिहा. त्याशिवाय मला उत्तर देता येत नाही.