स्थिर वस्ती आणि मानवी आरोग्य

रुग्णाचा पूर्वेतिहास घेतल्याशिवाय आपण निदान करीत नाही. मानवजातीच्या आजारांचाही असा एक पूर्वेतिहास आहे. तो लिहून ठेवणारे कोणी नव्हते. परंतु हाडांनी आणि दातांनी तो जपून ठेवला आहे.

शेतीपूर्व माणसांच्या अस्थी आपल्या देशात उत्तर प्रदेशातील सराय नाहर राय, महदहा व दमदमा येथे मोठ्या संख्येने मिळाल्या. शिकारीवर व रानातील अन्नावर जगणारी ही माणसे उंच व भक्कम बांध्याची होती. त्यांचे दात झिजलेले आढळतात. किडलेले मात्र फार विरळा.

याउलट चित्र बलुचिस्तानातील बोलन खिंडीजवळच्या मेहेरगढ येथे दिसते. गहू व जव पिकविणारी, शेळ्या-मेंढ्या व गुरे पाळणारी ही कच्च्या विटांच्या घरांची वस्ती. तेथील दफनभूमीत ९ प्रौढांच्या ११ दाढांना गारगोटीच्या टोकाने छिद्रे पाडलेली आढळली. हा शोध २००६ साली प्रसिद्ध झाला. त्या दफनांचा काळ पूर्वी ९ हजार वर्षांपर्यंत मागे नेला जाई. २०२५ मधील कालमापनानुसार तो सुमारे ७ हजार वर्षांपूर्वीचा ठरतो. छिद्रे मागच्या दाढांना असल्याने ती शोभेसाठी नव्हती हे उघड आहे. काही दाढांवर किडीच्या खुणाही आहेत. शिजविलेले मऊ पिष्टमय अन्न दातांना चिकटते आणि तोंडातील जंतू त्याचे आम्ल करतात. धान्याबरोबर दातदुखी आली आणि तिच्यामागून उपचारही आला.

हानी केवळ दातांपुरती नव्हती. एक-दोन पिकांवर विसंबल्याने आहारातील विविधता घटली. एकाच जागी राहिल्याने मलमूत्र, उकिरडा व पिण्याचे पाणी जवळ आले. कोठारांमागून उंदीर आले. गोवरासारख्या रोगाला तर टिकून राहण्यासाठी काही लाखांची लोकवस्ती लागते. ती नगरांनीच पुरविली.

मग माणूस पुन्हा रानाकडे का वळला नाही? याचे उत्तर प्रसूतिशास्त्रात आहे. भटक्या जीवनात मूल दीर्घकाळ अंगावर पिई आणि दोन बाळंतपणांत तीन-चार वर्षांचे अंतर राही. धान्याची पेज मिळू लागल्यावर दूध लवकर तुटू लागले व हे अंतर कमी झाले. व्यक्तीचे आरोग्य खालावले तरी समाजाची संख्या वाढत गेली. वाढलेल्या तोंडांना शिकार पुरेशी पडणे शक्य नव्हते. परतीची वाट बंद झाली. त्यातील दुःखाची बाजू पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे दिसते. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील या शेतकरी गावात दोनशेहून अधिक दफने सापडली आणि त्यांत बहुसंख्य बालकांची आहेत. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत बाळाला ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत.

दाट वस्तीच्या या संकटास सिंधू संस्कृतीने दिलेले उत्तर आजही थक्क करते. सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या मोहेंजोदडो नगरात ७०० च्या आसपास विहिरी असाव्यात असा अंदाज आहे. घरोघरी न्हाणीघरे आणि रस्त्याकडेने विटांची झाकलेली गटारे होती. रोगजंतूंचे ज्ञान नसतानाही स्वच्छ पाणी व सांडपाणी वेगळे ठेवावे, हे त्या लोकांनी ओळखले होते.

मात्र ही व्यवस्था सांभाळावी लागते. हडप्पा येथील अस्थींच्या अभ्यासात, नगराच्या पडत्या काळात कुष्ठरोग व क्षयरोग यांचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले आहे. नगर खचले की रोग बळावतो, हा त्या हाडांचा निष्कर्ष आहे. पावसाळ्यात आपल्या दवाखान्यांत विषमज्वर व कावीळ यांचे रुग्ण वाढू लागले, की औषधाच्या चिठ्ठीबरोबरच गावच्या नळाची व गटाराची चौकशी करणे, हेही म्हणूनच आपल्या निदानाचे अंग ठरते.