पावशेर, शेकडा आणि प्रश्नावली

पहाटे 5.30, पुणे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून भरून आलेले टेम्पो मंडईच्या कडेला लागतात. पोती उतरतात, बायका मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या सोडून पिवळी पानं काढतात, पुन्हा बांधतात, वर पाणी मारतात. या वेळी मी कुणाला काही विचारत नाही. वहीत फक्त वेळा टिपते: टेम्पो कधी आला, माल मांडून कधी झाला, भवानी कधी झाली. आज आमच्या पाहणीची चाचणी आहे. रस्त्यावरच्या विक्रेत्यांना पीएम स्वनिधी योजनेतून जे कर्ज मिळतं, त्यानं त्यांच्या धंद्यात काय बदललं हे आम्हाला शोधायचं आहे. त्याआधी आमचे प्रश्न इथे टिकतात का, ते बघायचं.

सकाळी 7. टिळकांच्या पुतळ्यापाशी सर्वेक्षक मुलं-मुली जमतात. योजना त्यांना तोंडपाठ आहे. टाळेबंदीनंतर, 1 जून 2020 ला ती सुरू झाली. 24 मार्च 2020 पर्यंत रस्त्यावर विक्री करणाऱ्यांसाठी ती होती. विनातारण पहिलं कर्ज 10,000 रुपयांचं, ते फेडलं की 20,000, मग 50,000. वेळेवर हप्ते भरले तर व्याजात 7 टक्के अनुदान. 2025 मध्ये पहिल्या दोन रकमा वाढून 15,000 आणि 25,000 झाल्या. म्हणून मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकते की 10,000 वाले आणि 15,000 वाले एका रकान्यात घालायचे नाहीत.

दुसरी सूचना विक्रेत्यांच्या यादीबद्दल. यादीत नाव सासूचं, गेली कित्येक वर्षं पाटीपाशी बसते सून. यादीत नवरा, यार्डात पहाटे जाते बायको. मुलाखत कुणाची घ्यायची? आमचं ठरलं आहे: जो माल विकत घेतो आणि भाव ठरवतो, त्याची. कर्ज कुणाच्या नावावर आहे, हा वेगळा प्रश्न, आणि तोही विचारायचाच. हे आधी ठरवलं नाही तर अर्धे सर्वेक्षक सासूला शोधत फिरतील, अर्धे सुनेला विचारतील, आणि नंतर आकडेवारीत ते कधीच कळणार नाही.

8 ते 11 गर्दीची वेळ. या तीन तासांत मुलाखत बंद. धंद्याच्या वेळी माणसाला अडवून घेतलेलं उत्तर गिऱ्हाईक गमावून दिलेलं असतं, ते आम्हाला नको. आम्ही फक्त फळ्यावरचे आणि तोंडी भाव टिपतो. तेही सोपं काम नाही. यार्डात फळभाजीचा भाव दहा किलोचा, पालेभाजीचा शेकड्याचा. इथे मिरची पावशेर, कोथिंबीर जुडी, लिंबं नगावर. यार्डातली जुडी आणि इथली जुडी एकच नसते, कारण निवडताना ती बारीक होते. नफा काढायचा तर ही जुडी वजनाच्या काट्यावर ठेवावी लागते. आम्ही काटा बरोबर आणला आहे.

11.30 ला मी मुख्य इमारतीत येते. अष्टकोनी मध्यभाग, त्यावर मनोरा. 1886 साली ही मंडई रे मार्केट या नावानं उघडली, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवरच्या एवढ्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता; हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लागावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच मंडईला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. सार्वजनिक पैसा खर्च होण्याआधी ‘याचा लाभ कुणाला?’ असं सभागृहात उभं राहून विचारणं हे मूल्यमापनाचं मूळ काम आहे, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे तो प्रश्न पैसा खर्च होऊन गेल्यावर विचारला जातो, आणि मग उत्तरात वाटपाचे आकडे येतात. किती कर्जं वाटली हे बँकेला माहीतच असतं. त्या पैशानं पाटीत काय वाढलं, हे बँकेला माहीत नसतं.

दुपारी 2. आता खरी वेळ. ऊन चढलं आहे, गिऱ्हाईक नाही, डबे उघडलेत. पदपथावर पालेभाजी विकणाऱ्या एका मावशींपाशी मी बसते. आधी सांगते की आम्ही अतिक्रमण विभागाचे नाही, नाव सांगायचं नसेल तर नका सांगू, मधेच उठायचं असेल तर उठा. हे वाचून दाखवायला दोन मिनिटं लागतात आणि ती वाचवायची नसतात.

“मावशी, महिन्याला किती सुटतात?”

“महिन्याचं कोण धरतंय, ताई? पहाटे किती घेऊन यार्डात गेले ते विचारा.”

मग त्या आपणहून सांगत जातात. पहाटे हातात किती होते. त्यातले स्वतःचे किती, उसने किती, उसने संध्याकाळीच परत करायचे की आठवड्यानं. मालाला किती गेले, टेम्पोला किती. घरी भाजी किती नेली. रात्री काय टाकून द्यावं लागलं. एवढं झालं की दिवसाचा ताळेबंद तयार असतो, आणि तो चोख असतो. आमच्या फॉर्ममधल्या ‘मासिक उत्पन्न’ या रकान्याला मात्र त्यांनी अंदाजानं काहीतरी सांगितलं असतं आणि आम्ही ते दोन दशांश स्थळांपर्यंत छापलं असतं. कर्जाचा उपयोग झाला की नाही, तेही याच ताळेबंदात दिसतं: पहाटेच्या पैशातला उसना वाटा घटला का? मला याहून चांगला निर्देशक अजून सापडलेला नाही.

शेजारच्या काकूंच्या पाटीला क्यूआर कोडचा स्टिकर आहे. पैसे येतात ते मुलाच्या खात्यात. योजनेत डिजिटल व्यवहारांना उत्तेजन आहे. पण काकूंच्या स्वतःच्या खात्यावर पाहिलं तर व्यवहार शून्य दिसतील. प्रश्न एक वाढवला: कोड कुणाच्या खात्याचा?

4.30, चहा. तुलना कुणाशी करायची यावर आमचा वाद होतो. एक मुलगा म्हणतो, 24 मार्च 2020 नंतर धंद्यात आलेल्यांना कर्ज मिळालं नाही, त्यांच्याशी करू. सुचवलंय चांगलं, पण नव्या माणसाला जागाही कडेची मिळते आणि ठरलेलं गिऱ्हाईकही नसतं. कर्ज नसल्याचा फरक आणि नवखेपणाचा फरक एकमेकांत मिसळतील. म्हणून त्याच माणसांकडे पुन्हा जाणं हेच बरं. या शहराला ती सवय जुनी आहे. गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 ची. तिथल्या धनंजयराव गाडगीळांनी 1933 मध्येच पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. मग 1945 आणि 1952 मध्ये पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग आले, आणि 1956 मध्ये संस्थेनं त्याच शहराची फेरपाहणी छापली.

6 ते 8 पुन्हा गर्दी, पुन्हा फक्त भाव. सकाळची कोथिंबीर आता मऊ पडली आहे, भाव उतरतो आहे. एकाच वेळचा भाव घेणाऱ्या पाहणीत ही घट येत नाही, आणि विक्रेत्याचा तोटा तर इथेच होतो.

रात्री 9.30, घरी. फेऱ्यांचं वेळापत्रक लावायचं राहिलं आहे. वर्षभरानं त्याच तारखेला परत जावं असं कुणालाही वाटेल. पण 20 सप्टेंबर 2022 ला पितृपंधरवडा होता आणि 20 सप्टेंबर 2023 ला गणपती बसलेले होते, कारण 2023 मध्ये अधिक श्रावण आला. पंधरवड्यात गवार, आळू, भोपळ्याला मागणी. गणपतीत मंडईभोवती पाय ठेवायला जागा नसते. चातुर्मासात कांदा-वांगं सोडणारी घरं आहेत, आषाढीला रताळी खपतात. तारखेनं तुलना केली असती तर सणाचा फायदा आम्ही कर्जाच्या नावावर मांडला असता. म्हणून दोन्ही वर्षांच्या फेऱ्या तिथी बघून लावते: एक आषाढीच्या आधी, एक मार्गशीर्षात.

शेवटची नोंद निष्कर्षांबद्दल. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार दर पाच वर्षांनी एकदा तरी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे असायला हवेत. आमचा अहवाल त्या समितीकडे जाईल. त्याआधी तो मंडईत, ज्यांनी माहिती दिली त्यांच्यापुढे, मराठीत वाचून दाखवायचा, दुपारी 2 ते 4 च्या मधे. खर्चाच्या पत्रकात त्यासाठी दोन दिवस धरले आहेत.