पोराच्या मापाची रायफल

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्याच्या महिना-दीड महिना आधीपासून घराघरांत एकच खल चालू असतो: यंदा पहिल्यांदाच सोबत येणाऱ्या मुलाच्या, भाचीच्या, पुतण्याच्या हातात कोणती रायफल द्यायची? आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची रायफल जुन्या वाड्याच्या भिंतीवरची शोभा होऊन बसली. तिथे मात्र ती सायकलीसारखी थोरल्याकडून धाकट्याकडे येते. आणि तिच्याबरोबर येतात घरातल्या वडीलधाऱ्यांचे सल्ले. त्यांतले बरेच चुकीचे असतात.

सर्वांत ठाम सल्ला असा: ‘मोठं काडतूस द्या, नेम थोडा हुकला तरी हरीण पडतं.’ पडत नाही. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून होणारी मर्माची जागा जेमतेम ८ ते १० इंचांची. गोळी तिथे लागली तर बेताच्या ताकदीचं काडतूसही पुरतं. ती पोटात किंवा पायात लागली, तर दांडगं मॅग्नम काडतूससुद्धा जनावराला जखमी करून जंगलात पळवून लावतं. मग रात्रभर रक्ताचा माग काढत बसायचं. मुलांच्या बाबतीत तर मोठं काडतूसच नेम हुकवतं. खांद्याला दोन-तीनदा जबर धक्का बसला की पोर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतं, खांदा आखडतं आणि नळी खाली झुकते. हे त्याला स्वतःला कळत नाही. जाणते प्रशिक्षक त्यावर एक साधी युक्ती करतात. खऱ्या काडतुसांत मुलाच्या नकळत एक नकली काडतूस मिसळून देतात. चाप ओढला, बार उडाला नाही आणि तरीही नळी दचकली, की दुखणं कुठे आहे ते उघड होतं. ही सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ जातो. म्हणून ती लागूच न देणं शहाणपणाचं.

आता आकडे पाहू. .३०-०६ हे अमेरिकी लष्कराने १९०६मध्ये स्वीकारलेलं काडतूस, अनेक आजोबांचं लाडकं. १९५५मध्ये आलेल्या .२४३ विंचेस्टरचा धक्का, सारख्याच वजनाच्या रायफलीत, जड गोळीच्या .३०-०६च्या साधारण निम्मा असतो. हरणासाठी .२४३ पुरेसं आहे. त्याहून थोडं दणकट हवं असेल तर १९८०चं ७ एमएम-०८ रेमिंग्टन किंवा २००७चं ६.५ क्रीडमूर आहे. मात्र निवड करण्याआधी राज्याचा नियम बघायचा. विस्कॉन्सिनमध्ये .२२ किंवा त्याहून मोठं सेंटरफायर काडतूस हरणाला चालतं, तर कोलोरॅडोत किमान .२४ लागतं. ओहायोत हरणासाठी रायफल वापरायची परवानगीच मुळी २०१४पासून आली, तीही सरळ भिंतीच्या काडतुसांपुरती. तिथे दुकानदाराने .२४३ कितीही गोड बोलून गळ्यात मारली तरी उपयोग नाही.

‘लहान मूल, म्हणजे हलकी रायफल’ हा सल्ला मायेपोटी येतो, पण भौतिकशास्त्राला माया नाही. काडतूस तेच ठेवून रायफल ८ पौंडांऐवजी ६ पौंडांची घेतली, तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. म्हणजे खांद्यावरचं ओझं कमी करायला जावं आणि खांद्यावरचा मार वाढवून बसावं. वजन पेलत नसेल तर तिवई द्या, मचाणाच्या कठड्याचा आधार द्या. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने हरणावर हातावर तोलून गोळी झाडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वजनापेक्षाही माप महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी मोजत नाही. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर मोठ्यांच्या रायफलीत साधारण साडेतेरा इंच असतं, मुलांच्या रायफलीत बारा-साडेबारा. कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खळगीत टेकवायचा. बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात पोचलं तर माप ढोबळमानाने जमलं. दस्ता लांब पडला तर मूल तोल सांभाळायला मागे रेलतं, मान ताणतं, आणि दुर्बिणीत त्याला हरणाऐवजी काळी कडा दिसते. मग ते डोळा पुढे पुढे नेतं. दुर्बिणीच्या मागे तीन-चार इंच मोकळी जागा लागते. ती उरली नाही की धक्क्यासरशी दुर्बिणीची कड भुवईवर आदळते. हे माप हिवाळी जाकीट अंगात असताना घ्यायचं, कारण उणे तापमानात मूल टी-शर्टवर बसणार नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्या काही मुलांचा डावा डोळा प्रबळ असतो, तेही याच वेळी तपासून घ्यावं.

आजोबांची रायफल द्यावी की नाही, हा हळवा विषय. विंचेस्टर ९४ ही १८९४ची रचना, .३०-३० काडतुसाची. धक्का सौम्य, मान मोठा. पण जुन्या नमुन्यांना वेगळा सुरक्षा-खटका नाही. गोळी झाडायची नाही असं ठरलं, तर भरल्या काडतुसावर उचललेला घोडा अंगठ्याने धरून हळूच खाली सोडावा लागतो. थंडीने बधिर झालेला लहान अंगठा तिथे निसटू शकतो. मधून मोडणाऱ्या एकबारी रायफलीही ‘एकच गोळी, म्हणून सुरक्षित’ समजून घेतल्या जातात. त्यांतल्या उघड्या घोड्याच्या रायफलींना हीच अडचण, शिवाय त्यांतल्या बऱ्याच इतक्या हलक्या की धक्का जोरात. साधी बोल्टची रायफल बरी. बोल्ट मागे ओढला की आत काडतूस आहे की नाही हे सोबतच्या मोठ्या माणसालाही दिसतं.

विस्कॉन्सिनने २०१७मध्ये देखरेखीखालच्या शिकारीसाठी वयाची अट काढून टाकली, मात्र सोबतच्या प्रौढाने हाताच्या अंतरावर राहायचं. कायद्याने परवानगी दिली म्हणजे मूल तयार झालं, असं नव्हे. खरेदीचंही तसंच आहे. ‘घरातल्याच माणसासाठी घेतोय, फॉर्मवर कोणाचंही नाव चालेल’ हे चालत नाही. परवानाधारक दुकानदार अठरा वर्षांखालच्याला रायफल विकू शकत नाही. आईबापांनी स्वतःच्या पैशाने घेऊन खरोखर भेट देणं वेगळं, आणि दुसऱ्याकडून पैसे घेऊन आपल्या नावावर खरेदी करणं वेगळं. एका पुतण्याने काकांचे पैसे घेऊन त्यांच्यासाठी पिस्तूल विकत घेतलं होतं. काकांना ते बाळगायची कायदेशीर मुभा होती, तरीही २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एब्राम्स्की खटल्यात त्याची शिक्षा कायम ठेवली.

अमेरिकेतल्या मराठी घरांना आणखी एक फास आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला संघराज्याच्या कायद्याने एरवी बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. जे थोडे अपवाद आहेत त्यांत एक म्हणजे तिथला चालू शिकार-परवाना. ग्रीन कार्डवाल्याला ही बंदी नाही. एकाच घरात दोन्ही प्रकारची माणसं असतील तर तिजोरीची किल्ली कोणाकडे, हे रायफल घरी यायच्या आधी ठरायला हवं. तिजोरी मात्र हवीच. ‘त्याची रायफल आहे, त्याच्या खोलीत राहू दे’ हा लाड परवडणारा नाही. रायफल रिकामी आणि कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. मिशिगनमध्ये फेब्रुवारी २०२४पासून मुलांच्या हाती लागेल अशी बंदूक ठेवणं हा कायदाभंगच आहे.

नळीच्या तोंडाला ब्रेक लावून धक्का कमी करणारे एक गोष्ट विसरतात: आवाज बाजूला आणि मागे वळून झाडणाऱ्याच्याच कानांवर येतो. रायफलीचा बार १४० डेसिबलच्या वर जातो आणि एका बारानेही कान कायमचा बिघडू शकतो, त्यामुळे सरावात आणि मचाणावरही कानावर संरक्षण हवं.

उरली ती काटकसरीची शंका: लहान मापाची घेतली तर दोन वर्षांत वाया जाईल. अनेक कंपन्यांच्या रायफलींत दस्त्याच्या मागे चकत्या घालून तो लांबवता येतो. काहींचा पूर्ण दस्ताच बदलता येतो, नळी आणि बोल्ट तेच राहतात. वाचलेले पैसे .२२ रिमफायरच्या सरावात घालावेत. ती हरणासाठी नाही, पण तिची काडतुसं स्वस्त आणि धक्का नावापुरता. आणि मोठं झाल्यावर .२४३ टाकून द्यावी लागते असंही नाही. आयुष्यभर तिनेच हरणं मारणारे प्रौढ शिकारी ती चालणाऱ्या राज्यांत कितीतरी सापडतील.