वृषणार्बुद आणि शस्त्रकर्मानंतरचा विमार्ग

कॅम्प ५ मध्ये वृषणाची सूज घेऊन आमच्याकडे येणारा रुग्ण पुष्कळदा जीन्स शिवणारा तरुण कारागीर असतो. त्याआधी औषधाच्या दुकानात हळू आवाजात विचारून वृद्धिबाधिका वटी घेऊन झालेली असते. औषध गुणकारी आहे; परंतु 'वृद्धी' या एका शब्दाआड काय दडले आहे, हे न पाहता ते देत राहणे आम्हांस धोक्याचे वाटते.

गर्भावस्थेत वृषण वृक्काजवळ तयार होतो आणि आपल्या रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या घेऊनच खाली उतरतो. म्हणून वृषणाचा कर्करोग प्रथम पसरतो तो उदरातील महाधमनीलगतच्या ग्रंथींत, जांघेत नव्हे. जांघेतील ग्रंथींकडे जाते ती अंडकोषाच्या त्वचेची लसीका. मात्र हायड्रोसील, हर्निया किंवा न उतरलेल्या वृषणाचे शस्त्रकर्म पूर्वी झाले असेल तर मूळ वाट तुटते, नव्या जोडण्या होतात आणि रोग जांघेत प्रकटू शकतो. कर्करोगाच्या अवस्था ठरविणारे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणही अशा रुग्णातच जांघेतील ग्रंथींना 'प्रादेशिक' मानते, एरवी तो दूरचा प्रसार ठरतो. येथे चरकोक्त विमार्गगमन आठवते. अर्थात हे साम्य आहे, पुरावा नव्हे.

मूत्रवृद्धीत सेवनीच्या बाजूस व्रीहिमुख शस्त्राने वेध करावा, असे सुश्रुत सांगतात. पण त्याआधी निदानस्थानात त्यांनी वृद्धीचे सात प्रकार वेगळे केले आहेत, याकडे आपले दुर्लक्ष होते. अर्बुदाभोवतीही पाणी साठते. विजेरीचा प्रकाश आरपार गेला एवढ्यावर निश्चिंत होऊन सुई टोचली, तर अर्बुदाच्या पेशी अंडकोषाच्या त्वचेत सांडण्याची भीती असते. याच कारणास्तव शल्यचिकित्सक असा वृषण अंडकोष उघडून नव्हे, तर जांघेतील छेदातून काढतात.

तरुणाचा वृषण कठीण, जड आणि बहुधा वेदनारहित वाटला तर सोनोग्राफी आणि रक्तातील एएफपी, बीटा-एचसीजी व एलडीएच या तपासण्या आधी कराव्यात. कांचनार गुग्गुळाचे तीन महिने नंतर मोजू नयेत. जुना व्रण विचारावा, जांघ चाचपावी. विक्रेत्यांनीही दुसरी बाटली देण्यापूर्वी 'वैद्यांना दाखविले का?' एवढे विचारावे.

हा रोग पसरल्यावरही पुष्कळदा बरा होतो. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांचा कर्करोग १९९६ मध्ये फुप्फुसे व मेंदूपर्यंत गेला होता, तरी ते बरे झाले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत आपल्याकडून लोकलने जाता येते. पाठविताना रुग्णास एक गोष्ट अवश्य सांगावी: अपत्याची इच्छा असल्यास केमोथेरपीपूर्वी वीर्य जतन करण्याविषयी तेथे विचारावे. लाजेने तो स्वतः विचारत नाही.