पावलागणिक वीज

गुडघा दुखायला लागला की घरोघरी एकच निदान ऐकू येतं : वंगण संपलं. प्रत्यक्षात पुष्कळदा झिजलेली असते ती हाडांच्या टोकांवरची कूर्चा. गुळगुळीत, जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. कातडी भरून येते, मोडलेलं हाड सांधतं. पण कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून तिला पडलेला खड्डा नीट भरत नाही. भरला तरी तिथे तंतुमय, कमअस्सल ऊती येते.

हा खड्डा बुजवू पाहणाऱ्या एका प्रयोगाची मुळं जपानात आहेत. सूक्ष्म विद्युतप्रवाह दिला तर हाडावर नवं हाड धरतं, हे क्योतोचे अस्थिशल्यतज्ज्ञ इवाओ यासुदा यांनी सशांत पाहिलं होतं. भौतिकशास्त्रज्ञ एइइची फुकादा लाकडावर ताण देऊन त्यातून उमटणारी वीज मोजत होते. दोघं एकत्र आले आणि १९५७ साली त्यांनी दाखवून दिलं की वाळलेल्या हाडावर जोर दिला की त्यातही विद्युतभार निर्माण होतो. गॅसच्या लायटरचा खटका दाबल्यावर ठिणगी पडते, ती याच गुणामुळे. फक्त लायटरमध्ये सिरॅमिकचा खडा असतो, हाडात कोलॅजेनचे तंतू. जिवंत, ओल्या हाडात मात्र बराचसा भार आतल्या द्रवाच्या हालचालीतून येतो, असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं. त्यामुळे हाडाच्या वाढीत या दाबविजेचा वाटा किती, हा वाद आजही आहे.

फुकादांना हाच गुण पॉलिलॅक्टिक आम्ल या बहुवारिकातही आढळला. शरीरात विरघळणारे स्क्रू ज्याचे करतात तोच हा पदार्थ! म्हणजे वर्षानुवर्षं शल्यगृहात वावरणाऱ्या वस्तूत हे सामर्थ्य दडलेलं होतं.

अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठातल्या थान्ह न्गुयेन यांच्या गटाने याच बहुवारिकाचे अतिसूक्ष्म धागे विणून जाळी केली आणि सशांच्या गुडघ्यांत मुद्दाम पाडलेल्या खड्ड्यांत बसवली. महिनाभर विश्रांती, मग ट्रेडमिलवर व्यायाम. प्रत्येक उडीला सांध्यावर भार येई, जाळी दबे, किंचित वीज उमटे. त्या विजेने पेशींत कॅल्शियम शिरायला वाट मिळते आणि भोवतालची वाढीला पोषक प्रथिनं जाळीकडे ओढली जातात. बॅटरी नाही, तारा नाहीत, बाहेरून घातलेलं वाढीचं औषधही नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, जाळी आणि व्यायाम दोन्ही मिळालेल्या सशांत अस्सल कूर्चेसारखी ऊती दिसली. वीज न देणारी जाळी घालून तेवढंच पळवलेल्या सशांना तो लाभ झाला नाही.

मला या कामातली सर्वांत मोलाची वाटते ती ही तुलना. नुसती जाळी आणि व्यायाम पुरत नाहीत, ती जाळी वीज देणारी लागते.

तरी गुडघेदुखीने बेजार झालेल्या कुणाला आज यावरून आशा लावणं अन्यायाचं ठरेल. सशांचे गुडघे निरोगी होते आणि जखम ताजी, रेखीव होती. माणसाच्या गुडघ्यावर साध्या चालण्यातही शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पडतो. आणि संधिवातात तर कूर्चेसोबत खालचं हाड आणि सांध्याचं अस्तरही बिघडलेलं असतं. तिथे ही जाळी किती तग धरेल, हे मोठ्या प्राण्यांच्या सांध्यांत तपासल्याशिवाय कळणार नाही.